त्वचेवर डाग नाहीत, म्हणून आतड्यात कापोसी सार्कोमा नाही असे नव्हे

एचआयव्हीबाधिताच्या अंगावर जांभळे डाग नसतील तर पोटातल्या कापोसी सार्कोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाची, शंका घेण्याचे कारण नाही, आणि एन्डोस्कोपीत घेतलेल्या तुकड्याचा अहवाल निगेटिव्ह आला की विषय संपला, असा मजकूर सध्या फिरत आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. हा आजार १९९४ साली सापडलेल्या मानवी हर्पीस विषाणू-८ शी निगडित असून, त्वचा स्वच्छ असतानाही जठरात वा आतड्यात त्याच्या गाठी असू शकतात. पुष्कळांना काहीच जाणवत नाही; काहींना पोटदुखी, वजन घटणे, काळी शौच किंवा रक्तक्षय होतो. तुकड्याचे म्हणाल तर, गाठ बरेचदा अस्तराखालच्या थरात असते आणि चिमट्यात वरवरचाच भाग येतो, त्यामुळे लालसर-जांभळी गाठ डॉक्टरांना समोर दिसत असूनही अहवालात काही सापडत नाही. अशा वेळी खोलवरचा तुकडा घेऊन त्यात विषाणूचे प्रथिन शोधावे लागते. ‘एआरटीचा (एचआयव्हीविरोधी औषधोपचाराचा) यावर उपयोग नाही’ हे त्याच मजकुराचे शेपूट तर अधिक घातक आहे, कारण मर्यादित आजार अनेकदा केवळ एआरटीने ओसरतो आणि पसरलेल्या आजारात लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनसारखी केमोथेरपी देतानाही एआरटी चालूच ठेवतात.