अस्वलांचं ऑडिट

पान एकच होतं. शनिवारपासून मी हे भेटेल त्याला सांगतेय आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाहीये.

आमच्या मंडळींना टेबलाभोवती बसून रोलप्ले खेळायचा होता, पण ‘काहीतरी सोपं’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेला डन्जन्स अँड ड्रॅगन्स बाद. त्याच्या नियमांचा ठोकळा बघूनच दोघांना जांभया आल्या. म्हणून मी ग्रँट हॉविटचा २०१७ सालचा हनी हाइस्ट शोधला. अख्खा खेळ एका पानात. तुम्ही अस्वलं आहात आणि तुम्हाला मध लुटायचाय. अंगी गुण दोनच, अस्वलपणा आणि गुन्हेगारी, दोन्ही तीन-तीन. फासा टाकायचा, गुणाइतका किंवा त्याहून कमी आकडा पडला की काम फत्ते. बेत फसला की एक अंक गुन्हेगारीतून अस्वलपणात, साधला की उलटा. अस्वलपणा सहावर गेला की तुम्ही कायमचे अस्वल. गुन्हेगारी सहावर गेली की साथीदारांना दगा. संपले नियम. तरी मंडळींना सोपं जावं म्हणून दोन रात्री जागून मी ते पान मराठीत, स्वतःच्या अक्षरात उतरवलं.

ते पान कुणी वाचलं? एकीनं त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

आणि खिडकीशी, वर्तमानपत्राआड, मैत्रिणीचे सासरे होते. निवृत्त लेखापरीक्षक.

“काय चाललंय?”

“रोलप्ले, काका.”

“म्हणजे नाटक.”

“नाटक नाही हो. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि त्याच्यासारखं...”

“म्हणजे नाटकच.” वर्तमानपत्राची घडी झाली. “जिंकतं कोण?”

“तसं कुणी जिंकत नाही.”

“हरतं कोण?”

“तसं कुणी हरतही नाही.”

“मग बंद कधी करता?”

“मध मिळाला की.”

“मग ज्याला मध मिळाला तो जिंकला. सरळ सांगावं ना.”

यावर उत्तर आहे. चांगलं लांबलचक उत्तर आहे, मला ते रविवारी सकाळी सुचलं.

तेवढ्यात टोप्यांचा तक्ता आला. हो, या खेळात अस्वलाची टोपीसुद्धा फाशावर ठरते. आठ बाजूंचा फासा, आणि आठ पडले तर टोप्या दोन. मैत्रिणीला आठच पडले.

“दोन टोप्या,” काका म्हणाले. “डोकी किती?”

“एक.”

“मग दुसरी टोपी कुठल्या खात्यात?”

आता खुर्ची टेबलाला लागली होती. पुढच्या फाशावर आमच्यातल्या एकाला हनी बॅजर निघालं. अस्वलांच्या यादीत हॉविटनं हे एक बिनअस्वली जनावर मुद्दाम घुसवलंय, गंमत म्हणून. मी पानावर अभिमानानं ‘चांदी अस्वल’ लिहिलं होतं, कारण मराठीत त्याला खरंच तसं म्हणतात. एखादा विनोद भाषांतरात आपोआप पिकावा, असं नशीब क्वचित लाभतं.

“हे अस्वल नव्हे,” काका म्हणाले. “पाणमांजराच्या कुळातलं आहे.”

“पण काका, नावातच अस्वल आहे.”

“गोगलगाय दूध देते का?”

सगळे खो खो हसले. त्या संध्याकाळी माझ्या एकाही वाक्याला तसं हसू आलं नव्हतं. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी, मी. पहारेकऱ्याचा घोगरा आवाज काढत होते, भोंगा वाजवत होते, दारांची करकर करत होते, आणि समोर दोघंजण मोबाइलमध्ये. ‘सोपा खेळ’ म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चौघांना सोपा जावा म्हणून एकीनं राबायचं. रंगला तर फासे चांगले पडले, फसला तर “हिनं निवडलाच कशाला?” शकुनीला निदान फासे तरी वश होते.

असो. पहारेकरी, भोंगा, कोठाराचं तिहेरी कुलूप, असा माझा कडेकोट बंदोबस्त होता. अस्वलं अडली. तेव्हा मंडळींनी (मला नाही) काकांना विचारलं, आता काय करायचं?

“एवढा मध म्हणजे साठ्याची नोंदवही असणार,” काका म्हणाले. “फोडाफोडी कशाला? तपासणीला आलोय म्हणा. कुलपं तेच उघडतील, वर खुर्च्या देतील.”

मोबाइल खाली ठेवले गेले. काकांनी फासा उचलला, तळहातावर उलटासुलटा करून ठिपके तपासले आणि टाकला. एक. यापेक्षा भारी काही पडूच शकत नाही.

चार अस्वलं, त्यातलं एक दोन टोप्या घालून, पुढच्या दारानं आत शिरली. पहारेकऱ्यानं, म्हणजे मी, सलाम ठोकला. भोंगा तसाच राहिला. त्याचा आवाज मी घरी आरशासमोर बसवला होता.

निघताना ठरलं, पुढच्या शनिवारी गेम मास्टर काका. एकमतानं. माझं मत कुणी विचारलं नाही, त्यामुळे एकमत सोपं झालं.

पान मात्र काकांनी आठवणीनं परत दिलं. जिन्यात उलगडून बघितलं तर लाल पेनानं शुद्धलेखन तपासलेलं. नऊ चुका. खाली ‘तारीख नाही, सही नाही’ असा शेरा.

नवातल्या दोन चुका नाहीतच. मी कोशात बघितलंय.