६१७४ला जादू म्हणू नका

देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या ६१७४चा मेसेज परवा पुन्हा आमच्या ग्रुपवर आला. ‘जादुई संख्या’, खाली जोडलेले हात. मला दरवेळी वाईट वाटतं. त्यामागचं कारण नववीतल्या पोरांना समजेल इतकं सरळ आहे आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि तिथून हलत नाही: ७६४१ − १४६७ = ६१७४.

रविवारी भाचीला वही घेऊन बसवलं. तिने आपलं जन्मसाल घेतलं, २०१२. “मावशी, पुढचं शून्य धरायचं का गं?” धरायचं, बहुतेकांचं तिथेच चुकतं. २२१० − ०१२२ = २०८८. ८८२० − ०२८८ = ८५३२. ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन पायऱ्या! मग दादाचं २००५ घेतलं, तर ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असं फिरत सातव्या वेळी पोचली. मध्येच थांबून म्हणाली, “अगं, माझं २०८८ आणि त्याचं ८०८२, अंक तेच आहेत की!”

तिला रस्ते एकत्र येताना दिसले होते. मग बीजगणित सोपं गेलं. अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड धरले तर वजाबाकीचं उत्तर येतं ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे बाहेरच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोघांतला फरक, एवढ्यावरच सगळं ठरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा त्याहून मोठा होऊच शकत नाही. मोजा, फक्त ५४ जोड्या. हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतात आणि ५४ उत्तरं एका दुपारी हाताने तपासून होतात. त्यांत ६१७४चे फरक ६ आणि २: ५९९४ + १८०, पुन्हा ६१७४.

सगळीकडे असं घडत नाही, म्हणून तर याचं मोल. दोन अंकांत ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९, नुसत्या फेऱ्या. पाच अंकांतही सगळे एका ठिकाणी येत नाहीत.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. हे त्यांना १९४९ साली सापडलं, आणि जगभर नाव झालं ते १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ नाव दिलं, आनंद देणारी. ६१७४ हर्षदच आहे: बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ × ७ × ७. आयुष्यभर मुलांना शिकवणाऱ्या माणसाचं काम आपण कारण गाळून पुढे पाठवतो, हे मला पटत नाही. वर्गात ६१७४ दाखवत असाल तर ती ९९९ आणि ९०ची ओळही फळ्यावर लिहा, कळकळीने सांगते.

भाचीला मी तीन अंकांचं इतकंच सांगितलं की तिथे उत्तर ९९ × (अ − क) येतं. आमटीला फोडणी देऊन परत आले तर तिने ९९पासून ८९१पर्यंत नऊच्या नऊ उत्तरं तपासली होती आणि ४९५भोवती दोनदा चौकट काढली होती.