नॅनोला ‘स्वस्त’ या शब्दाने मारलं?

ब्रँडची ग्राहकाच्या मनातली जागा कशी निवडावी यावरच्या फॉरवर्डमध्ये टाटांच्या नॅनो गाडीचा पंचनामा ठरलेला. ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ असा शिक्का बसला, स्वस्तातलं दारात उभं करायची लोकांना लाज वाटली, गाडी आपटली. सबब किमतीवर ओळख उभी करू नका. खुद्द रतन टाटांनीही पुढे ‘स्वस्त’ म्हणून गाडी विकणं चुकलं असं म्हटलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालावा लागतोय, पण तारखा जुळत नाहीत.

शिक्का बसला जानेवारी २००८ मध्ये, दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत. एप्रिल २००९ मध्ये नोंदणी सुरू झाली तोवर तो जगभर झाला होता. तरी २ लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या १ लाख गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. लाज वाटत असती तर लोक सोडतीची वाट बघत बसले असते का? मधल्या काळात बंगालमधल्या सिंगूरहून कारखाना गुजरातेत साणंदला हलला, गाड्या मिळायला उशीर झाला आणि काही नॅनो पेटल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये अख्ख्या महिन्यात ५०९ गाड्या खपल्या. शब्द तोच होता. भरवसा गेला होता.

‘आपल्याकडे चारचाकी म्हणजे प्रतिष्ठा’ हे खरंच आहे. पण मग टाटांचाच छोटा हत्ती बघा. २००५ साली आलेला टाटा एस तीनचाकी टेम्पोवाल्यासाठीच बेतलेला होता, म्हणजे तोही खिसा बघूनच. तीन चाकांवरून चारवर आलेल्या त्या माणसाची पत गल्लीत वाढली, आणि गाडी हप्ता स्वतःच कमवायची.

राहिला ‘किमतीवर जागा धरू नका’ हा निष्कर्ष. स्कूटरवर चौघं भिजत जाण्यापेक्षा चारचाकी, ही जागा तोवर कुणीच धरली नव्हती. मला ती आजही अव्वल वाटते. गोची अशी की स्कूटरवाला शोरूममध्ये शिरला की तुलना स्कूटरशी करेनासा व्हायचा. कर-नोंदणी धरून नॅनो जेवढ्याला पडायची तेवढ्या पैशांत जुनी मारुती ८०० यायची, आणि तिची डिकी उघडायची. नॅनोला मागे दारच नव्हतं. लग्नाला निघालात तर मागची सीट पाडून बॅगा आतूनच सरकवायच्या. पेट्रोलचं तोंड पुढच्या बॉनेटखाली. पंपावर उतरा, झाकण उचला, पोऱ्याला दाखवा. (इंजिन मागे, हे त्याला वेगळं सांगायचं.) मागे रांगेत हॉर्न वाजायला लागले की ‘स्वस्त’ हा शब्द जाहिरातीतून उतरून अंगाला चिकटायचा.

डिकीचं दार उघडलं ते २०१५ च्या जेनएक्समध्ये. तोवर किंमत २ लाखांच्या घरात गेली होती.