बॅटरीची तब्येत

हवेचे नमुने घेणारा माणूस दिवसभर हवेची काळजी करत असेल, असा लोकांचा समज आहे. हवेची काळजी प्रयोगशाळा करते. माझ्या वाट्याला येते ती बॅटरी.

काम म्हणाल तर सोपं. कामगाराच्या श्वासात किती धूळ जाते ते कळावं म्हणून त्याच्या पट्ट्याला सॅम्पलिंग पंप, म्हणजे हवा ओढणारा बॅटरीवरचा छोटा पंप, अडकवायचा, नळी पाठीवरून खांद्यावर आणायची आणि धूळ पकडणाऱ्या फिल्टरची कॅसेट (छोटी डबी) कॉलरला, नाकातोंडापासून ३० सेंटीमीटरच्या आत लावायची. मिनिटाला २ लिटर हवा, आठ तासांत ९६० लिटर. धुळीची मर्यादा बहुधा आठ तासांच्या सरासरीवर ठरलेली असते, म्हणून पंपानेही आठ तास चालावं अशी अपेक्षा. बॅटरीला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

त्यात पंपाच्या पडद्यावरच्या, बॅटरी किती उरली ते सांगणाऱ्या त्या तीन दांड्या! लिथियम-आयन बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी एकदम घसरतं. व्होल्टेजवरून अंदाज बांधणारा पंप सकाळी तीन दांड्या दाखवतो, दुपारीही तीनच. आपण निर्धास्त होतो. मग पाठ फिरवताच दोन, आणि पाणी पिऊन येईपर्यंत पंपाने मान टाकलेली. म्हणून मी जाता-येता विचारत राहतो.

"काका, दांड्या किती?"

"दोन आहेत साहेब, पण एक लुकलुकतेय."

त्या माणसाची विचारपूस राहते बाजूला.

खरा अन्याय पुढेच आहे. धूळ जास्त असली की फिल्टर चोंदतो. फ्लो, म्हणजे मिनिटाला ओढायची हवा, कायम राखायला पंप जोर लावतो आणि बॅटरी भराभरा उतरते. स्वच्छ ऑफिसात हाच पंप दिवस मावळला तरी घुरघुरत असतो. जिथे नमुन्याची खरी गरज, नेमका तिथेच तो शिफ्ट संपायच्या आत घरी निघतो. बारीक छिद्रांचा, ०.८ मायक्रॉनचा फिल्टर लावला असेल तर बघायलाच नको. थंडीतही बॅटरी आखडते. पंप कोटाच्या आत घ्यावा तर नळी चिमटते, आणि फ्लो अडला म्हणून पंप रुसून बंद!

कपाटातलं चार्जिंग म्हणजे तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब. निकेल-कॅडमियम आजोबा म्हणतात, मला अधूनमधून पुरतं रिकामं करा, नाहीतर माझी क्षमता घटते. निकेल-मेटल हायड्राइड काकांना नुसतं बसवून ठेवलं तरी ते उतरतात. लिथियम नातवाला पुरतं रिकामं केलेलं खपत नाही, आणि बरेच दिवस ठेवायचं तर अर्धवट भरूनच. सगळ्यांची मर्जी सांभाळून झाली की कळतं, चार्जरचा प्लग कुणीतरी मोबाइल लावायला काढून ठेवलाय. (हा 'कुणीतरी' प्रत्येक ऑफिसात असतो आणि कधीच सापडत नाही.)

बरं, पंप मध्येच थांबला तरी चाललेली मिनिटं पडद्यावर राहतात, एवढा त्याचा मोठेपणा. नमुना वाचूही शकतो. पण सकाळसारखं संध्याकाळी पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे पंपाचा फ्लो मोजून तपासणं, असतं. सकाळचा आणि संध्याकाळचा फ्लो साधारण ५ टक्क्यांच्या आत जुळायला हवा, आणि मेलेल्या पंपाचा फ्लो मोजणार कसा? मग त्याला आधी चार्जरवर टाकायचं, धुगधुगी येईपर्यंत शेजारी बसायचं. थोड्याच वेळात पडदा उजळतो. तीन दांड्या.