माळ्यावरची घुंगरं

मागच्या आठवड्यात नाशिकहून धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचीने कथक सोडलं. "अगं ताई, कथकच्या परीक्षा झाल्या, त्यांचे दहावीचे वाढीव गुण पदरात पडले. आता अकरावी, सीईटी. नाच कुठे बसवायचा?" घुंगरं माळ्यावर गेली.

कलेला दहावीत गुण द्यावेत का, हा आपल्याकडचा जुना वाद. प्रमाणपत्रांचा बाजार झालाय म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी लंडनमध्ये बसून तावातावाने बोलायचे. आता आवाज जरा खाली आलाय. इंग्लंडमध्ये 2010 पासून शाळांची कामगिरी ज्या मुख्य विषयांवर मोजू लागले, त्यांत नाच, नाटक, संगीत धरलंच नाही. शाळांनीही मग हात आखडता घेतला. गुण नसले की कला बहरते, असं काही दिसलं नाही.

नर्तक अक्रम खानचं उदाहरण मला सारखं आठवतं. 1974 चा जन्म, लंडनचाच, आईवडील बांगलादेशी. सातव्या वर्षी तो प्रताप पवारांकडे, म्हणजे बिरजू महाराजांच्या शिष्याकडे, कथक शिकू लागला. तेराव्या वर्षी ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या 'महाभारत' नाटकात काम मिळालं आणि शाळकरी वयात तो त्या नाटकाबरोबर देशोदेशी फिरला. मोठी माणसं रोज तेच नाटक नव्याने कसं उभं करतात, हे एवढ्या लहानपणी, इतक्या जवळून! पुढे 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात तो नाचला, 2016 मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी 'जिझेल' बसवलं.

माझी लेक काही अक्रम खान नाही. चर्चच्या हॉलमध्ये तिचा क्लास असतो, आणि मला न्यायला उशीर झाला की ती मोठ्या मुलींच्या तासाला कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहते. स्वतःला शिकवलेला तुकडा ती हमखास चुकते. पण परवा भांडी पुसताना, कुणी न शिकवलेली त्या मोठ्या मुलींची तिहाई, म्हणजे शेवटी तीनदा येणारा तोच बोल, तोंडाने म्हणत बरोबर समेवर आली. हातात ताटली तशीच.

हे सांगून मी बहिणीला विचारलं, पोरीने एखादी मैफल पूर्ण बसून पाहिलीय का गं कधी?

ती जरा थांबली. "नाही गं. परीक्षकच तिला बघायचे."