गोळ्या दिसतात, बायको दिसत नाही

२०१८च्या दिवाळीत ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ आला आणि दोनच महिन्यांनी ‘भाई : व्यक्ती की वल्ली’चा पहिला भाग. त्या हिवाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. एकात मराठी रंगभूमीचा सुपरस्टार दारूत बुडताना दाखवलेला, दुसऱ्यात पु. ल. आणि त्यांची गवई मित्रमंडळी पेले भरताना. दुसऱ्यावरून तर बाहेरही बरंच रण माजलं. मामाचं म्हणणं, माणूस गेला, आता त्याची व्यसनं कशाला उकरायची? मावसभाऊ म्हणे, देव्हारे पुरे झाले, माणूस दाखवा. वाद तापला की मावसभाऊ हमखास मला मध्ये ओढायचा: हिला विचारा, ही अमेरिकेत नॅशव्हिलला राहते, तिकडे बघा कसं सगळं उघड दाखवतात.

मधे इतकी वर्षं गेली, पण नवा चरित्रपट आला की ग्रुपवर तोच सामना पुन्हा सुरू होतो आणि साक्षीदार म्हणून मला पुन्हा बोलावणं येतं. तर एकदा सविस्तर साक्ष देऊनच टाकते. ती मावसभावाला आवडणार नाही, आणि मामालाही फारशी नाही.

नॅशव्हिल ही कंट्री म्युझिकची, म्हणजे अमेरिकन दक्षिणेतल्या गावरान गाण्यांची पंढरी. इथे कंट्री गायक जॉनी कॅशच्या नावाचं संग्रहालय आहे, शेजारच्या हेंडरसनव्हिल गावात त्याची आणि दुसरी बायको जून कार्टर हिची कबर आहे, आणि पर्यटकांच्या निम्म्या काळ्या टीशर्टांवर त्याचा चेहरा आहे. त्याच्यावरचा ‘वॉक द लाइन’ २००५ साली आला. वाकिन फिनिक्सने कॅश केला, रीस विदरस्पूनने जून. दोघांनी गाणी स्वतः गायली आणि विदरस्पूनला ऑस्कर मिळालं. आर्कान्सामधल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला मुलगा, करवतीच्या अपघातात गेलेला थोरला भाऊ, मेम्फिसमध्ये सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सकडे मिळालेली संधी, मग दौरे, मग अ‍ॅम्फेटामिनच्या उत्तेजक गोळ्या, अटक, आणि जूनच्या हाताला धरून वर येणं. शेवटी फॉल्सम तुरुंगातला जानेवारी १९६८चा कार्यक्रम आणि पुढच्याच महिन्यात कॅनडात भर रंगमंचावर त्याने जूनला घातलेली मागणी.

गोळ्या चित्रपटात भरपूर आहेत. ऑक्टोबर १९६५ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोला कॅशला पकडलं, तेव्हा गिटारच्या पेटीत हजारावर गोळ्या सापडल्या होत्या. त्याची त्याच्या चाहत्यांना लाज वाटत नाही. माझ्या ऑफिसात दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी एक बाई आहे, दारूचा थेंब न घेणारी. तिचा हा आवडता चित्रपट. आपला मामा जे बघून टीव्ही बंद करेल, ते ती मुलांना बसवून दाखवते.

यात अमेरिकन मोकळेपणा कमी आणि इथल्या दक्षिणेतलं चर्च जास्त आहे. चर्चमध्ये उभं राहून ‘मी किती खाली गेलो होतो आणि देवाने मला कसं उचललं’ हे चारचौघांत सांगायची इथे जुनी रीत आहे. जितकं खाली गेलात, तितकी साक्ष भारी. कॅशने १९७५ साली स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं ते याच थाटात. चित्रपटाला त्याच पुस्तकाचा आणि नंतरच्या दुसऱ्या आत्मचरित्राचा आधार आहे. म्हणजे गोळ्यांची गोष्ट कुणी शोधपत्रकाराने खणून काढलेली नाही. ती नायकानेच स्वतःच्या मोठेपणात जमा केलेली आहे. वाल्याचा वाल्मीकी झाला हे सांगायला आधी वाल्या लागतोच. आणि आपल्या गोष्टीतला वाल्या निदान घरी जाऊन बायकोला विचारतो तरी, की बाई, माझ्या पापात तू वाटेकरी आहेस का? तिला एक वाक्य मिळतं, तेही खणखणीत.

‘वॉक द लाइन’मध्ये पहिल्या बायकोला तेवढंही मिळत नाही.

व्हिव्हियन लिबर्टो. सॅन अँटोनियोतल्या स्केटिंग रिंकवर कॅश तिला भेटला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तो हवाई दलात होता. लगेच त्याची जर्मनीला बदली झाली आणि पुढची तीन वर्षं दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली. १९५४ मध्ये लग्न, मग एकामागून एक चार मुली. चित्रपटातली व्हिव्हियन मात्र सुरुवातीपासून कुरकुरते: गाणंबिणं सोड, माझ्या वडिलांकडे नोकरी धर. एका प्रसंगात तो दौऱ्यावरून येतो आणि बँडचे फोटो घरात भिंतीवर लावायला घेतो, ती नको म्हणते, झटापट होते. प्रेक्षक म्हणून आपण कुठल्या बाजूला असावं हे दिग्दर्शकाने आधीच ठरवून ठेवलेलं आहे. त्या फोटोंत जूनही आहे, आणि जून तर आपल्याला केव्हाची आवडायला लागलेली असते.

आता चित्रपटाच्या नावाकडे बघा. ‘आय वॉक द लाइन’ हे गाणं कॅशने १९५६ साली केलं ते व्हिव्हियनला वचन म्हणून. मी दौऱ्यावर असलो तरी पाऊल वाकडं पडू देणार नाही, असा त्याचा अर्थ. चित्रपटात काय होतं? दौऱ्यावर दारू पिऊन लोळणाऱ्या पोरांवर जून बाटल्या भिरकावते आणि ‘तुम्हाला सरळ रेषेत चालता येत नाही’ म्हणून झापते, आणि लगोलग कॅश ते गाणं गातो. पहिल्या बायकोला दिलेलं वचन दुसरीच्या तोंडून जन्माला घातलं आहे. गोळ्यांचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला असता तर मी काही बोलले नसते, पण हे मला जबरी चोरीच वाटते.

एल पासोचंच घ्या. कोर्टाच्या कामासाठी व्हिव्हियन कॅलिफोर्नियातून तिथे गेली. नवऱ्याबरोबर बाहेर पडताना तिचा फोटो निघाला. वडिलांकडून ती सिसिलीची, रंगाने सावळी. वर्णद्वेष्ट्यांच्या एका पत्रकाने तो फोटो छापून बोंब ठोकली, की जॉनी कॅशची बायको काळी आहे. दक्षिणेत त्याच्या कार्यक्रमांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली, धमक्या आल्या. त्याच्या मॅनेजरला ती गोरी असल्याचे पुरावे गोळा करत बसावं लागलं. चार लहान मुली घेऊन ती कसिटास स्प्रिंग्जच्या डोंगरउतारावर राहत होती, जिथे अंगणात घुंगरू वाजवणारे साप निघायचे आणि नवरा महिनोन् महिने बाहेर. २०२१ साली मुलगी रोझॅन हिच्या वंशावळीचा टीव्हीवर शोध घेतला गेला, तेव्हा व्हिव्हियनच्या आईकडच्या पूर्वजांत गुलामगिरीत जन्मलेली एक काळी स्त्री निघाली. एवढं नाट्य पटकथाकाराच्या हाताशी होतं (वंशावळीचा भाग सोडून) आणि त्याचा चित्रपटात मागमूस नाही. कारण ते दाखवलं तर अटकेची शिक्षा कुणाला झाली हा प्रश्न येतो, आणि मग जूनच्या प्रेमकथेचा ताल चुकतो.

चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत जॉन कार्टर कॅश आहे, जॉनी आणि जूनचा मुलगा. त्याने आईची बाजू घ्यावी यात नवल नाही, मीही घेतली असती. पण पहिल्या घरच्या मुलींपैकी कॅथी कुटुंबासाठी ठेवलेल्या खेळातून उठून गेली, आणि रोझॅनने नंतर जाहीर सांगितलं की पडद्यावरचे ते तिघे तिला आपले आईवडील वाटलेच नाहीत. शिवाय चित्रपट १९६८ला थांबतो, म्हणून जूनच्या प्रेमाने व्यसन सुटलं असं वाटून आपण घरी जातो. प्रत्यक्षात ते पुन्हा लागलं आणि १९८३ मध्ये कॅशला बेटी फोर्ड सेंटर या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावं लागलं. तेव्हा जून होतीच की घरात.

हे एकट्या कॅशचं म्हणाल तर तसंही नाही. हँक विल्यम्स, कंट्रीतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात उद्ध्वस्त माणूस, १ जानेवारी १९५३ला गाडीच्या मागच्या सीटवर मेला, वय २९. त्याच्यावर १९६४ साली चित्रपट निघाला तेव्हा सल्लागार होती त्याची पहिली बायको ऑड्री, आणि गाणी गायली तिच्या किशोरवयीन मुलाने. इथे दुसरी बायको, बिली जीन, गायब. तिच्याशी हँकने ऑक्टोबर १९५२ मध्ये न्यू ऑर्लीन्सला तिकीट लावून हजारो लोकांसमोर लग्न लावलं होतं. अख्ख्या शहराने बघितलेलं लग्न पडद्यावरून पुसलं गेलं. २०१५च्या ‘आय सॉ द लाइट’मध्ये टॉम हिडलस्टनने हँक केला. त्यात दोन्ही बायका आहेत, तिसरी बाईही आहे, पाठीचं दुखणंही आहे. तो साफ आपटला. मलाही कंटाळवाणा वाटला: सगळे प्रसंग क्रमाने हजर, पण हा माणूस गाणी का करत होता हे शेवटपर्यंत कळत नाही. खरं दाखवलं म्हणून चित्रपट चांगला होतो असं नाही, हेही मावसभावाने ऐकून ठेवावं.

कुणाची बाजू पडद्यावर येणार हे मुख्यतः गाण्यांवर ठरतं. अमेरिकेत मेलेल्या माणसाची अब्रूनुकसानी होत नाही, त्यामुळे कथा कुणीही लिहावी. पण गायकावरच्या चित्रपटात गाणी हवीत, आणि गाण्यांचे हक्क ज्याच्याकडे, त्याच्या मनाविरुद्ध जाऊन कोण निर्माता पैसे घालेल? आपल्याकडे कायदाच वेगळा. कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत माणसाची बदनामी केली तर तोही गुन्हा, त्यामुळे निर्माता आधी नातेवाइकांची संमती घेऊन ठेवतो. दोन्हीकडे दारावर घरचंच माणूस बसलेलं. फरक इतकाच की इथल्या माणसाला पेल्याचं काही वाटत नाही.

म्हणून घाणेकरांच्या चित्रपटावर ग्रुपमध्ये जे शंभर मेसेज पडले, ते मला चुकीच्या जागी पडलेले वाटले. सुबोध भावेने लाल्या आणि संभाजी ताकदीने उभे केले, दारूही खोटी वाटत नाही. पण त्या चित्रपटामागे कांचन घाणेकरांचं ‘नाथ हा माझा’ आहे, म्हणजे दुसऱ्या पत्नीचं पुस्तक. पहिल्या पत्नी डॉ. इरावती चित्रपटात समंजस आहेत, कडवट नाहीत, हे व्हिव्हियनच्या मानाने बरंच म्हणायचं. तरी तो समंजसपणाही कथेच्या सोयीचा आहे. त्या शांतपणे बाजूला होतात आणि गोष्ट पुढे सरकते. ग्रुपवर एकानेही त्यांचं नाव काढलं नाही. सगळे बाटली मोजत बसले.

घरच्या माणसाने काढलेला चित्रपट वाईटच असतो असंही मी म्हणणार नाही. ‘मी वसंतराव’मध्ये नातू राहुल देशपांडेच आजोबा झाला, संगीतही त्याचंच. आणि त्यातली मला लक्षात राहिलेली व्यक्ती म्हणजे वसंतरावांची आई, नवऱ्याचं घर सोडून नागपुरात एकटीने मुलाला वाढवणारी. अनिता दातेने ती अशी केली आहे की ती असताना दुसरीकडे बघवत नाही. नातवाने आजोबांच्या मैफली तेवढ्या दाखवल्या असत्या तरी चाललं असतं, पण पणजीला जागा दिली.

व्हिव्हियन मे २००५ मध्ये, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आधीच गेली. तिचं पुस्तक, त्या पत्रांसकट, २००७ला निघालं, आणि २०२० मध्ये चारही मुलींनी मिळून तिच्यावरच्या माहितीपटात आईची गोष्ट सांगितली. मी ग्रुपवर त्याची लिंक टाकली. मामाने अंगठा दाखवला, मावसभावाने अजून पाहिलेला नाही. मराठीत असं काही करायचं तर साठ-सत्तरच्या दशकातल्या दौऱ्यांच्या काळात घरी राहिलेल्या बायकांपासून सुरुवात करता येईल. पुण्या-मुंबईत त्यांच्या मुली, सुना, शेजारणी आहेत. निर्मात्याला गाण्यांचे हक्कसुद्धा विकत घ्यावे लागणार नाहीत.