आपल्या अभिप्रायास उत्तर: कुंपणाबाहेरून विमान का उडवू दिले नाही

नमस्कार.

आमच्या मॉडेल विमान प्रशिक्षण केंद्राविषयी आपण लिहिलेला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. आपल्या तक्रारी तीन आहेत. विमान मैदानावरच फिरत असताना, केवळ आपण कुंपणाबाहेर सावलीत उभे होतात म्हणून प्रशिक्षकांनी ते उतरवायला लावले; दूरवर हेलिकॉप्टर दिसताच सर्वांची उड्डाणे थांबवली; आणि प्रमाणपत्राची प्रत जवळ नसल्यामुळे आपले सत्र उशिरा सुरू झाले. ‘छंदाच्या मैदानाला हे लोक विमानतळ समजतात,’ असेही आपण लिहिले आहे. या तिन्ही गोष्टी घडल्या, आणि पुढेही आम्ही असेच वागणार आहोत. मात्र त्यामागची कारणे आपल्याला आणि हे वाचणाऱ्या इतरांना सविस्तर सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कुंपणाचा आहे. अमेरिकेत नोंदणी आवश्यक असलेल्या मानवरहित विमानाने उडताना स्वतःची ओळख आणि ठिकाण रेडिओवरून प्रसारित करावे, असा एफएएचा, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामक संस्थेचा, ‘रिमोट आयडी’ नियम आहे. तो 16 सप्टेंबर 2023 पासून लागू झाला आणि मार्च 2024 च्या मध्यापर्यंत त्याच्या अंमलबजावणीत सवलत होती. छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या, 250 ग्रॅमपेक्षा जड असलेल्या विमानांना तो लागू होतो. आपले बाल्साच्या हलक्या लाकडाचे विमान त्याहून बरेच जड आहे आणि त्यावर असे उपकरण नाही. तरीही ते आमच्याकडे कायदेशीरपणे उडू शकते, याचे कारण एकच: हे मैदान ‘फ्रिया’ म्हणून, म्हणजे एफएएने मान्य केलेले क्षेत्र म्हणून नोंदलेले आहे. अशा क्षेत्रात उपकरणाविना उडता येते; परंतु उड्डाणाच्या संपूर्ण काळात विमान हद्दीच्या आत असावे लागते, उडवणारी व्यक्तीही हद्दीच्या आतच असावी लागते आणि विमान तिच्या नजरेच्या टप्प्यात राहावे लागते. आमच्या मैदानाची मान्य हद्द कुंपणापाशी संपते. त्यामुळे आपण फाटकाबाहेर चार पावले गेलात त्या क्षणी, धावपट्टीच्या बरोबर वर असलेले आपले विमानसुद्धा नियमबाह्य ठरले.

ही मान्यता कोणालाही सहज मिळत नाही. तिच्यासाठी अर्ज करण्याचा अधिकार एफएएने मान्य केलेल्या समुदाय संघटनांना आणि शिक्षणसंस्थांना आहे. आमच्यासारख्या व्यवसायाला तो नाही. हे मैदान वापरणाऱ्या क्लबला अशा संघटनेमार्फत मिळालेल्या मान्यतेवर आमचे प्रशिक्षण चालते. ती 48 महिन्यांसाठी असते, त्यानंतर नूतनीकरण करावे लागते, आणि सुरक्षिततेला धोका दिसल्यास एफएए ती मुदतीपूर्वीही रद्द करू शकते. ज्यांनी हिवाळाभर तळघरात बसून एकेक फासळी चिकटवून विमाने तयार केली आहेत, अशा जुन्या सभासदांना ती उपकरणाविना उडवण्यासाठी हेच मैदान आहे. एका सत्रातील सोयीसाठी त्यांचे मैदान पणाला लावणे आम्हाला मान्य नाही.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत आपण लिहिता की ते ‘निदान मैलभर दूर’ होते. जमिनीवरून वर पाहताना आकाशातील वस्तूचे अंतर आणि उंची यांचा अंदाज फार चुकतो. शिवाय उडवणाऱ्याची नजर स्वतःच्या विमानावर खिळलेली असते. म्हणूनच शेजारी स्पॉटर, म्हणजे आकाशावर लक्ष ठेवणारा सहकारी, उभा असतो. त्याने हाक दिली की आधी विमान खाली आणायचे, चर्चा नंतर करायची, ही आमची शिस्त आहे. माणसे असलेल्या विमानाला वाट देणे ही छंद म्हणून उडवणाऱ्यांना कायद्याने घातलेली स्पष्ट अट आहे. अनियंत्रित हवाई क्षेत्रात आपल्याला साधारणपणे 400 फुटांपर्यंत मुभा असते, पण रुग्णवाहू हेलिकॉप्टर कधी त्याच उंचीवर उतरेल हे खालून कळत नाही. त्या दिवशी सर्वांची उड्डाणे काही काळ थांबली, आणि स्पॉटरचा तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात सांगतो. हे प्रमाणपत्र ‘ट्रस्ट’ या, छंद म्हणून उडवणाऱ्यांसाठीच्या सुरक्षा चाचणीचे आहे. ही चाचणी ऑनलाइन आणि विनामूल्य आहे, ती एकदाच द्यावी लागते आणि तिची मुदत संपत नाही. मात्र आपल्या निकालाची नोंद चाचणी घेणारी संस्था ठेवत नाही, एफएएही ठेवत नाही. प्रत हरवली तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. अधिकाऱ्याने विचारल्यास ती दाखवण्याची जबाबदारी उडवणाऱ्याची असते. आपण ती आमच्या कार्यालयात बसून पुन्हा दिलीत, त्याबद्दल आभार. तिची एक प्रत फोनमध्ये आणि एक ट्रान्समीटरच्या (हातातल्या रिमोटच्या) पेटीत ठेवावी.

एक गोष्ट नियमांपलीकडची आहे. बहुतेक क्लबांची मैदाने स्वतःच्या मालकीची नसतात. जमीनमालकाला आवाजाचा किंवा हद्द ओलांडण्याचा त्रास झाला की भाडेकरार संपतो, आणि मग एफएएची मान्यता असूनही उपयोग नसतो. म्हणून हद्दीच्या बाबतीत आम्ही इतके काटेकोर आहोत.

आपण पैसे परत मागितले आहेत. सत्र नियमांनुसार झाल्यामुळे ते परत करता येणार नाहीत. परंतु हेलिकॉप्टरमुळे गेलेला वेळ आम्ही आपल्या पुढील सत्रात वाढवून देऊ. उन्हाची अडचण खरी आहे, तेव्हा पायलट स्टेशनच्या मागे, हद्दीच्या आतच, छत असलेली जागा आपल्यासाठी राखून ठेवू. ट्रान्समीटर बंद झाल्यावर आपल्या विमानाचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती, आपोआप खाली येत नाही, हे प्रशिक्षकांनी जमिनीवरील तपासणीत नोंदवले आहे. फेल-सेफची, म्हणजे संपर्क तुटल्यावरच्या या सुरक्षा व्यवस्थेची, जुळवणी उड्डाणापूर्वी करून घेण्यासाठी कृपया थोडे लवकर यावे.

आपला,
केंद्रचालक